अव्वा ऐकते आहे

सोलापूर, अशोक चौकाच्या मागची गल्ली, सकाळचे आठ. हा आवाज यंत्रमागांचा. टॉवेल विणले जातायत. इथून कुणाला फोन लावला की पलीकडचा आधी विचारतो, गाडीत आहेस का?

अव्वाच्या मांडीवर सूप. सुपात तंबाखू आणि कातरीनं एका मापाची कापलेली तेंदूची पानं. पान घेतलं, चिमूट भरली, वळलं, दोरा मारला. समोर नात बसलीय, हातात ऑडिशनचे दोन कागद. संवाद तेलुगू, लिहिलेत देवनागरीत. शाळा मराठी, त्यामुळे तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही.

‘एक्कडिकि वेळ्तुन्नावु?’ कुठं निघालास, एवढाच अर्थ. अव्वाचा हात थांबत नाही, पण हसू येतं. घरात असं कोण बोलतं? घरात ‘एडिकि पोतुन्नव’. तेलंगणातून विणकर इथं आले ते ही बोली घेऊन, कागदावरची पुस्तकी. नात पुन्हा म्हणते. पुन्हा. ‘ळ’ जमतो, पुढचा हेल फसतो. नवव्या खेपेला अव्वा मान हलवते. कॅमेऱ्यामागून आम्ही मोजत होतो.

घरात तेलुगू, शेजारी कन्नड, चौकात दखनी उर्दू, वर्गात मराठी. एवढं कानावर पडलेल्या मुलीला मुंबईत ऑडिशनला सांगतात, सोलापुरी हेल काढून टाक. का काढायचा? त्याच्या शेजारी आणखी एक बसवा की.

भिंतीवर ही कात्रणं. सोनाली कुलकर्णी, पुण्याच्या. १९९४ साली तमिळमध्ये ‘मे मादम’ आणि त्याच वर्षी मराठीत ‘मुक्ता’, दिग्दर्शक जब्बार पटेल. पटेल हरिभाई देवकरण शाळेचे विद्यार्थी, हे सोलापूरकर सांगितल्याशिवाय पुढं जात नाही, आम्हीही नाही. त्यांच्याच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या २००० सालच्या इंग्रजी चित्रपटात सोनाली रमाबाई झाल्या. बाबासाहेब झाले मल्याळी मामुट्टी. आणि २००६ मध्ये थेट इटालियन, नेपल्समध्ये घडणारा ‘फुओको सु दी मे’, सोबत ओमर शरीफ. नेपल्स दाखवायला आमच्याकडे नाही, कात्रणच बघा. मिलानच्या महोत्सवात त्यांना अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

खालचं कात्रण आपल्या जिल्ह्यातलं. अकलूजची रिंकू राजगुरू. २०१६ मध्ये ‘सैराट’ बर्लिनच्या महोत्सवात, पुढच्या वर्षी तीच भूमिका कन्नडमध्ये, ‘मनसु मल्लिगे’. हे कात्रण नातीनं स्वतः चिकटवलंय, जरा तिरकं.

तेलुगूतलं ते काम नातीला मिळालं. दोन दृश्यं. आवाज दुसरीचा वापरला.

आज ऑडिशनची नवी टेप पाठवायचीय, कन्नड. समोरचे संवाद म्हणायला शेजारच्या काकू आल्यात, कणकेचे हात पदराला पुसत. मागं पडदा म्हणून साधी चादर टांगलीय, मोर दिसायला नकोत. स्टुलावर तांदळाचा डबा, डब्याला टेकून मोबाईल. काकूंचं पहिलंच वाक्य मागांच्या खडखडाटात बुडतं. चारदा घेतलं, चारदा डिलीट केलं. काकू म्हणतात, माझी चपाती राहिलीय गं.

अकरा वाजता लाईट जाते. माग जिथल्या तिथं थांबतात. गल्लीत कुणीतरी खोकलेलंसुद्धा ऐकू येतं.

अव्वा सूप खाली ठेवते आणि बोटानं खूण करते, घे.