लेबलवर विश्वास ठेवू नका

तर मंडळी, जुन्या बॉईज कॉयरच्या, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांच्या वृंदाच्या, रेकॉर्ड जमवणाऱ्यांमध्ये हमखास वाद पेटवायचा असेल तर एचएमव्हीची सी १३२९ बाहेर काढायची. लंडनच्या टेम्पल चर्चमधली मुलं, ऑर्गनवर आणि कॉयर सांभाळायला जॉर्ज थाल्बेन-बॉल, आणि मुख्य आवाज अर्नेस्ट लॉघ या पोराचा, लेबलवर 'मास्टर ई. लॉघ', आपल्याकडे मास्टर कृष्णराव म्हणायचे ना तसंच. रचना जर्मन संगीतकार मेंडेल्सनची, 'हिअर माय प्रेयर', एका बाजूला मावत नाही म्हणून दोन बाजूंत तोडलेली, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या बारा इंची रेकॉर्डवर साधारण साडेचार मिनिटंच बसतात ना.

एप्रिल १९२७ मध्ये एचएमव्हीने आपली रेकॉर्डिंगची गाडी थेट चर्चपाशी नेली. आधी भोंग्यात तोंड घालून गायचं, त्यात पोरांचे वरचे सूर पार पातळ यायचे आणि चर्चचा घुमारा तर विसराच. १९२५ पासून मायक्रोफोन आला आणि हे जमायला लागलं. रेकॉर्ड इतकी खपली की मूळ धातूचा साचा वर्षभराच्या आत झिजला, मग मार्च १९२८ मध्ये तीच मंडळी, तेच चर्च, पुन्हा रेकॉर्डिंग, आणि कॅटलॉग नंबर? तोच ठेवला! म्हणजे तुमच्या हातातल्या सी १३२९ वर पंधरा वर्षांचा लॉघ आहे की सोळा वर्षांचा, हे लेबल वाचून कळतच नाही.

मग बघायचं कुठे, तर लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत. तिथे मॅट्रिक्स नंबर (त्या बाजूच्या रेकॉर्डिंगचा नंबर) आणि टेकचा, म्हणजे कितव्या प्रयत्नाचा, आकडा असतो, त्यावरून कळतं. त्याच्या शेजारी छोटासा त्रिकोण दिसला तर रेकॉर्डिंग वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या यंत्रावर झालंय, चौकोन असेल तर १९३१ नंतरचं, ब्रिटिश इंजिनिअर ब्लमलाइनच्या यंत्रावरचं. आणि रेकॉर्ड फिरवत गेलात तर एखादं-दोन अक्षरं सापडतात, ती GRAMOPHLTD या दहा अक्षरांतली, म्हणजे जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, असं करत शेवटचा डी म्हणजे शून्य, त्यावरून कितव्या साच्यातून ही प्रत निघाली ते कळतं. मला तर गाण्यापेक्षा यातच जास्त मजा येते, घरचे वैतागतात तो भाग वेगळा.

लॉघबद्दल अफवाही भरपूर होत्या, पोरगा मेला, गातागाताच गेला वगैरे. प्रत्यक्षात आवाज फुटल्यावर तो बॅरिटोन म्हणून गायला आणि २००० साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारला. ते चर्च मात्र मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, नंतर पुन्हा बांधलं गेलं, पण या रेकॉर्डवर ऐकू येतो तो आगीआधीचा घुमारा.

आणि हो, चोर बाजारात असली एखादी मळकट रेकॉर्ड हाती लागली तर नंबर वाचायच्या घाईत स्पिरिटने घासू नका. ती लाखेची असते, आणि लाख म्हणजे बहुतेक आपल्याच देशातून गेलेली, स्पिरिटमध्ये विरघळते. ओलसर मऊ कापड, टॉर्च तिरका धरायचा, झालं.