सरकारविरुद्ध तक्रार नोंदवणारे बिशप

श्रोते हो, नमस्कार.

बिशप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दृढीकरणाचा, म्हणजे मुलांची श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराचा दिवस, डोक्यावर उंच मुकुट, हातात मेंढपाळाचा दंड आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की फोटोसाठी लागलेली रांग. हल्ली त्यात वेशीपासून लावलेले फ्लेक्सही आले. मला तर हा फ्लेक्सचा प्रकार बिलकूल आवडत नाही. स्वागत बिशपांचं आणि सर्वांत मोठा फोटो स्थानिक पुढाऱ्याचा! पण तो आजचा विषय नाही.

बिशपांचं खरं काम शिकवण्याचं आणि सांभाळण्याचं. प्रेषितांपासून चालत आलेली शिकवण पुढच्या पिढीच्या हाती जशीच्या तशी द्यायची. तिच्यात पदरचं काही घालायचं नाही, तिला पाणीही लावायचं नाही. शिकवण सगळ्यांना मान्य असते तोवर हे सोपं असतं. ती राज्यकर्त्याला खुपायला लागली की मग बिशपांची परीक्षा. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं स्वतःला चर्चचा प्रमुख म्हणवून घेतलं, तेव्हा इंग्लंडातले एकजात सगळे बिशप शपथ घेऊन मोकळे झाले. रॉचेस्टरचे जॉन फिशर तेवढे अडून बसले. 22 जून 1535 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. फिशर यांच्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर बोलू. आज मला जर्मनीत जायचंय, म्युन्स्टर शहरात, 1941 च्या उन्हाळ्यात.

म्युन्स्टरचे बिशप होते क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन. जुन्या सरदार घराण्यातले, साडेसहा फुटांहून उंच, अंगानं भारदस्त. फर्डे वक्ते म्हणून त्यांचा लौकिक नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चांगलं प्रवचन म्हणजे विनोद आणि टाळ्या, असा एक गैरसमज आपल्याकडे मूळ धरतोय. 1933 मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, ते बिशप झाले. त्यांनी बोधवाक्य निवडलं, त्याचा अर्थ ‘ना स्तुतीनं, ना भयानं’. हे लक्षात असू द्या. ना स्तुतीनं, ना भयानं.

1939 पासून जर्मनीत एक काम गुपचूप चाललं होतं. मनोरुग्णालयांतून, अपंगांच्या आश्रमांतून रुग्णांच्या याद्या मागवल्या जायच्या. मग बस यायच्या आणि रुग्णांना घेऊन जायच्या. काही दिवसांनी घरी पत्र यायचं की आपला रुग्ण अमुक आजारानं दगावला, साथीच्या भीतीनं दहन उरकलं आहे, अस्थी हव्या असल्यास कळवावं. कुणाच्या पत्रात मृत्यूचं कारण अपेंडिक्स लिहिलेलं असायचं, आणि त्या माणसाचं अपेंडिक्स वर्षांपूर्वीच काढलेलं! लोकांना कळायचं ते कळत होतं. त्या रुग्णांना विषारी वायूनं मारत होते. 1941 च्या ऑगस्टपर्यंत अशी सुमारे 70,000 माणसं मारली गेली.

गालेन यांना हे 1940 च्या उन्हाळ्यातच समजलं होतं. जर्मन बिशपांचे ज्येष्ठ होते ब्रेस्लाऊचे कार्डिनल बेर्ट्राम. गालेन यांनी त्यांना पत्र लिहून विचारलं की आपण उघड बोलायला नको का. बेर्ट्राम यांचा भर आतल्या आत अर्जविनंत्या करण्यावर होता. त्यात वर्ष गेलं. माझ्या मते ते वर्ष फुकट गेलं.

मग जुलै 1941 उजाडला. म्युन्स्टरवर इंग्रजांचे बॉम्ब पडून शहर नुकतंच होरपळलं होतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात गेस्टापोनं, म्हणजे गुप्त पोलिसांनी, येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंची, घरं ताब्यात घेतली आणि धर्मगुरूंना हाकलून दिलं. गालेन स्वतः तिथे गेले आणि त्या अधिकाऱ्यांना तोंडावर चार शब्द सुनावून आले. दुसऱ्या दिवशी, 13 जुलैला, रविवार. लाम्बर्टी चर्चमध्ये ते प्रवचनाला उभे राहिले. हे त्यांचं जुनंच चर्च, बिशप होण्याआधी ते तिथले प्रमुख धर्मगुरू होते. तिथून त्यांनी गेस्टापोचं नाव घेऊन सांगितलं की या देशात आज कुणीही नागरिक, कितीही निरपराध असो, सुरक्षित राहिलेला नाही. पुढच्या रविवारी दुसरं प्रवचन झालं.

आणि मग 3 ऑगस्ट. पुन्हा रविवार, पुन्हा लाम्बर्टी चर्च. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूचरित्राचा उतारा, होता जेरुसलेमकडे पाहून येशू रडला तो प्रसंग. तिथून सुरुवात करून गालेन यांनी लोकांना जे सांगितलं ते असं. जर्मन दंडविधानाचं 211 वं कलम म्हणतं, जाणूनबुजून ठार मारणाऱ्याला मृत्युदंड. आणि असा गुन्हा होणार हे ज्याला माहीत आहे त्यानं तो वेळेत कळवला पाहिजे, नाहीतर तोही शिक्षेला पात्र. मारिएन्थालच्या रुग्णालयातून रुग्णांना ठार मारायला नेणार आहेत असं मला कळलं, म्हणून मी 28 जुलैला सरकारी वकिलाकडे आणि पोलीसप्रमुखांकडे रजिस्टर पत्रानं रीतसर तक्रार केली. मग त्यांनी ती तक्रार शब्दन् शब्द वाचून दाखवली. आणि पुढे म्हणाले, वकिलांनी किंवा पोलिसांनी हस्तक्षेप केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

श्रोते हो, हिटलरच्या राज्यात, हिटलरच्या पोलिसांकडे, हिटलरच्या सरकारविरुद्ध खुनाची तक्रार. तीही रजिस्टर पोस्टानं!

नुसत्या कायद्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. म्युन्स्टरच्या आसपासच्या खेड्यातला 55 वर्षांचा एक शेतकरी, काही वर्षांपासून मारिएन्थालमध्ये होता. डोकं थोडं बिघडलेलं, पण माणसं ओळखायचा, घरचे भेटायला आले की खूश व्हायचा. पंधरा दिवसांपूर्वी त्याची बायको आणि मुलगा येऊन गेले. मुलगा आघाडीवरचा शिपाई, रजेवर आलेला, बापावर फार जीव. निरोप घेताना दोघांना जड गेलं, कारण लढाईवर गेलेला मुलगा परत येईल याचा काय भरवसा? पण घडलं उलटंच. मुलगा आघाडीवरून परत आला तरी त्याला बाप भेटणार नाही, कारण बापाचं नाव निरुपयोग्यांच्या यादीत गेलं. एक नातेवाईक भेटायला गेला तर त्याला सांगण्यात आलं, रुग्णाला इथून हलवलंय. कुठे? ते सांगता येणार नाही. काही दिवसांनी कळवू.

गालेन यांनी विचारलं, ही माणसं म्हणजे बिघडलेलं यंत्र आहे का? लंगडा झालेला घोडा, की आटलेली गाय? यंत्र भंगारात टाकतात, गाय कापतात. पण ही माणसं आहेत, आपले भाऊबहीण आहेत. काम करत नाहीत म्हणून यांना मारायचं, तर उद्या म्हातारे होणाऱ्या आपल्या सगळ्यांचं काय? आघाडीवरून हात-पाय गमावून परतणाऱ्या शिपायांचं काय?

खून करू नको. पाचवी आज्ञा. आपण ती कॅटेकिझमच्या वर्गात सात-आठ वर्षांच्या पोरांकडून पाठ करून घेतो. गालेन यांनी नवीन काहीच सांगितलं नाही. पाचवी आज्ञाच सांगितली, फक्त मोठ्यानं सांगितली.

पुढे काय झालं? प्रवचनाच्या प्रती निघाल्या, कुणी टंकलेखनावर काढल्या तर कुणी हातानं उतरवल्या. घरोघरी फिरल्या, आघाडीवरच्या शिपायांपर्यंत पोचल्या. इंग्रजांनी त्याची पत्रकं छापून विमानांतून टाकली. (आपण आज एका बोटानं शंभर जणांना प्रवचन पाठवतो आणि त्यातलं एकही उघडून बघत नाही, ते जाऊ द्या.) ल्युबेक शहरात तीन कॅथलिक धर्मगुरू आणि एक ल्युथरन पाळक या प्रती वाटत होते, परदेशी रेडिओ ऐकत होते. रेडिओ ऐकणं हा तेव्हा गुन्हा होता, बरं का. 10 नोव्हेंबर 1943 रोजी त्या चौघांचाही शिरच्छेद झाला.

आणि गालेन? त्यांना फाशी द्या, असं वरच्या वर्तुळात बोललं जात होतं. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानं बजावलं की बिशपांना हात लावला तर युद्ध संपेपर्यंत म्युन्स्टर आणि त्याभोवतीचा सगळा वेस्टफालिया प्रांत हातचा गेला म्हणून समजा. हिटलरनं हिशोब युद्धानंतर चुकता करायचं ठरवलं. 24 ऑगस्टला त्यानं वायूनं मारण्याची ती मोहीम थांबवायला लावली. पण उपासमारीनं, इंजेक्शनं देऊन मारणं नंतरही चालू राहिलं, हेही सांगितलं पाहिजे. आणि बिशपांऐवजी त्यांच्या धर्मप्रांतातले धर्मगुरू छळछावण्यांत गेले.

गालेन यांच्यात उणं नव्हतं असं नाही. ज्यूंच्या हत्याकांडाविरुद्ध ते अशा उघड प्रवचनातून बोलले नाहीत. ही उणीव मोठी आहे, ती झाकून त्यांचं कौतुक करू नये. तरी मी कौतुक करतो, आणि हयात असलेल्या बिशपांचंही करावं या मताचा आहे. महागुरुस्वामींना, म्हणजे आपल्या बिशपांना, पत्र लिहायची वेळ येते तेव्हा आपण काय लिहितो? फादरांची बदली करा, नाहीतर फादरांची बदली करू नका. त्यांच्या एखाद्या स्पष्ट बोलण्याबद्दल, गैरसोयीच्या शिकवणीबद्दल आभाराचं पत्र कोण पाठवतं?

युद्ध संपलं, म्युन्स्टर इंग्रजांच्या ताब्यात आलं. इंग्रजांना वाटलं, हा तर आपला माणूस. गालेन यांनी त्यांनाही सोडलं नाही. लोकांची उपासमार, लूटमार, सगळं त्यांच्या अधिकाऱ्यांपुढे मांडलं. ना स्तुतीनं, ना भयानं. फेब्रुवारी 1946 मध्ये पोपमहोदय बारावे पायस यांनी त्यांना कार्डिनल केलं. 16 मार्चला, त्यांच्या वाढदिवशीच, ते म्युन्स्टरला परतले. कॅथेड्रल बॉम्बनं उद्ध्वस्त झालं होतं, त्याच्यासमोर हजारो माणसं जमली होती. त्यांच्यापुढे ते म्हणाले ते साधारण असं, की माझ्या पाठीशी तुम्ही उभे होता म्हणून हिटलरच्या लोकांना मला हात लावता आला नाही, नाहीतर मला रक्तसाक्ष्याचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याचा, मुकुट मिळाला असता.

सहा दिवसांनी, 22 मार्चला, पोटाच्या दुखण्यानं ते वारले. 9 ऑक्टोबर 2005 रोजी रोममध्ये त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचं, घोषित करण्यात आलं. 22 मार्च हा त्यांचा स्मरणदिन, तो बहुतेक उपवासकाळातच येतो. दिनदर्शिकेत खूण करून ठेवा. पुढच्या भागात जॉन फिशर. नमस्कार.