सोऱ्याची चकती

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या कोणत्याही मराठी मुलाला झोपेतून उठवून प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितली, तर तो ती न अडखळता म्हणून दाखवील, आणि ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ या ओळीपाशी त्याचा आवाज जराही हलणार नाही. माझाही कित्येक वर्षे हलला नव्हता. मी गणित शिकवणारी बाई आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे मी मुद्दल, व्याज आणि हातच्याची बेरीज शिकवली. पण या ओळीच्या आरंभी ‘जसे’ हा शब्द आहे आणि तो सगळ्या ओळीला अट घालतो, हे माझ्या ध्यानात येण्यासाठी एका सोऱ्याची चकती हरवावी लागली. ती हकिगत मी आज सांगणारच आहे. माझ्या ओळखीच्या लोकांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की मी ‘सोऱ्या’ असे म्हटले, की ते चहा ठेवण्याच्या निमित्ताने उठून जातात. आपण मात्र ती ऐकलेली नाही.

त्याआधी दोन गोष्टी. आपल्या मराठी बायबलात ‘प्रीती’ हा शब्द आहे. तरुण मंडळींना तो जुनाट वाटतो आणि ती ‘प्रेम’ म्हणतात, म्हणोत बापडी. मला प्रीतीच बरी वाटते, कारण प्रेम हा शब्द हल्ली हापूस आंब्यापासून मोटारसायकलीपर्यंत कशालाही लावतात. येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट पाहा. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून त्या शोमरोन्याला कळवळा आला, एवढेच त्याच्या भावनेविषयी सांगितले आहे. पुढची सगळी वाक्ये हातापायांची आहेत. तो जवळ गेला, त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, प्रवाशाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले. एक दीनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी. म्हणजे भावनेला एक शब्द आणि कामाला सहा क्रियापदे. व्याकरण शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे प्रमाण मी अनेकदा ऐकवले आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे येशूचा शिष्य पेत्र याने विचारले, तेव्हा येशूने सातांच्या सत्तर वेळा असे उत्तर दिले. वर्गातला हुशार मुलगा लगेच ४९० म्हणतो आणि ४९१ व्या वेळेची वाट पाहू लागतो. म्हणूनच येशूने पुढे दृष्टान्त दिला. एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज राजाने माफ केले, आणि तोच चाकर बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याची नरडी धरू लागला. एक तालांत सुमारे ६,००० दीनारांचा धरला, तर माफ झालेले कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे होते. एकही सुटी न घेता राबले, तरी ते फेडायला १ लाख ६४ हजार वर्षे लागली असती. सोबत्याकडून येणे होते १०० दिवसांच्या मजुरीचे. हे आकडे मला फार पूर्वीपासून पाठ होते, आणि रविवारच्या शाळेत मी ते मुलांकडून फळ्यावर मांडूनही घेत असे.

आता सोऱ्या.

आमच्या गावाला आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच येते. तर नगरला आमच्या शेजारी आक्का राहतात. त्या माळकरी आहेत आणि पंढरीची वारी त्यांनी पायी केलेली आहे. आम्ही चर्चला जाणारे. दोन्ही घरांना मिळून एकच अंगण आणि एकच ओटा. माझ्या आईचा पितळी सोऱ्या माझ्याकडे आहे. चांगला जड, धरून धरून दोन्ही कान झिजलेला, आणि त्याच्या पाच चकत्या आई एका चिंधीत गुंडाळून ठेवीत असे. एका वैशाखात आक्कांनी तो कुरडया करण्यासाठी नेला आणि चार दिवसांनी घासून, पुसून परत आणला, तेव्हा चिंधीत चारच चकत्या होत्या. कुरडईचीच नेमकी नव्हती. पोरांनी खेळताना कुठे टाकली असेल, मी नवी आणून देते, असे आक्का म्हणाल्या. त्यावर मी जे बोलले, ते आज सांगतानाही मला संकोच वाटतो. मागून नेणाऱ्याला वस्तूची काय किंमत, असे मी म्हणाले, आणि ते आक्कांच्या महिनाभरापूर्वीच घरात आलेल्या नव्या सुनेसमोर म्हणाले.

आक्का क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “बाई, तुमच्या देवाने एवढेच शिकवले का तुम्हाला?” आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडबाजारापर्यंत जाऊन नवी चकती आणली. आईचा सोऱ्या जुन्या मापाचा असल्यामुळे ती त्यात बसली नाही. आक्कांनी ती माझ्या दाराशी, ओट्यावर ठेवली, आणि मी ती उचलली नाही. पावसाळा आला, ती तिथेच होती. पत्र्याची चकती, गंजायला कितीसा वेळ लागतो? दिवाळीत ओटा सारवताना मी ती एका हाताने उचलून, खाली सारवून, पुन्हा होती तिथेच ठेवली. इतका माझा अभिमान नीटनेटका होता.

आम्ही ११ महिने बोललो नाही. या काळात माझ्या मनातली वही भरत गेली. आक्कांकडे गेलेला आणि परत न आलेला स्टीलचा डबा, नळाला पाणी आल्यावर त्यांनी आधी लावलेली कळशी, माझ्या आजारपणात एकदाही न डोकावणे, असे सगळे तारखेनिशी मी तीत लिहून ठेवले होते. माझी जमेची बाजू मोठी होती आणि ती मला तोंडपाठ होती.

पुढच्या वर्षीच्या चैत्रातला रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असल्यामुळे मी पांढरी साडी नेसून सकाळी लवकर निघाले. अंगणात आक्कांनी चूल पेटवली होती आणि चिकाचे पातेले बाजूला मांडले होते. गहू तीन दिवस भिजवणे, वाटणे, गाळणे, निवळ काढणे हे आपल्याला सांगायला नको. आपल्याला हेही ठाऊक आहे की चीक शिजवणे हे एकट्या बाईचे काम नाही. एकीने बारीक धार सोडायची आणि दुसरीने हात न थांबवता हाटत राहायचे. आक्का एकट्या होत्या. सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, मुलगा कामावर होता. मी हे सगळे पाहिले आणि मान खाली घालून फाटकाबाहेर पडले. हल्ली पिशवीत तयार कुरडया मिळतात. तळल्यावर त्या फुलतातही छान, पण त्या आणायला दुसऱ्या बाईची गरज लागत नाही, आणि त्यांच्यावरचा माझा राग नेमका तेवढ्यासाठीच आहे.

चर्चमध्ये तेव्हा नुकताच ध्वनिक्षेपक आला होता. दीडशे माणसांच्या उपासनेला ध्वनिक्षेपक कशासाठी, हे मला अजूनही कळलेले नाही. मात्र त्या दिवशी त्याच्यामुळे एकही शब्द चुकवण्याची सोय उरली नाही. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला उतारा वाचला. तू आपले दान वेदीजवळ आणीत असता, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर दान तसेच वेदीपुढे ठेव आणि जा. आधी भावाशी समेट कर. हा उतारा मी शेकडो वेळा ऐकला होता, आणि दर वेळी मनातल्या मनात तो उलटा वाचला होता. माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असा. तसे तिथे लिहिलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे लिहिले आहे. पुन्हा सांगते, कारण मला ते समजायला फार वर्षे लागली: आपली वही उघडायला येशू सांगत नाही, समोरच्याच्या वहीत आपल्या नावावर काय मांडले आहे ते आठवायला सांगतो. माझ्या डोळ्यांपुढे नव्या सुनेसमोर उभ्या असलेल्या आक्का आल्या, आणि ओट्यावरची ती गंजलेली चकती आली.

मी उठले. बाकावरच्या बायकांना वाटले की मला बरे वाटत नाही.

घर दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. वाटेत मी वाक्ये जुळवली, पुसली, पुन्हा जुळवली. अंगणात पोहोचले, तेव्हा आक्का डाव्या हाताने तांब्यातून चिकाची धार सोडत होत्या आणि उजव्या हाताने चाटू फिरवत होत्या. धूर डोळ्यांत जात होता आणि पातेल्याच्या कडेला गुठळ्या धरू लागल्या होत्या. जुळवलेले एकही वाक्य मला आठवले नाही. मी त्यांच्या हातातला चाटू घेतला आणि हाटू लागले. आक्कांनी वर पाहिले. त्यांचीही धार थांबली नाही, कारण ती थांबवणे शक्यच नव्हते.

“बाई, पदर खोचा. जाळ लागेल,” त्या म्हणाल्या.

११ महिन्यांनंतरचे हे पहिले वाक्य. मी पदर खोचला. चीक घट्ट होत जातो तसा तो हाताशी भांडू लागतो, खांदे भरून येतात, आणि मग एका क्षणी त्याचा दुधट रंग जाऊन त्यावर काचेसारखी चकाकी येते. ती येईपर्यंत आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही. नंतर आक्कांच्या लहान सोऱ्यातून आम्ही कुरडया घातल्या, त्या दाबत होत्या आणि मी बाजेवरचे धोतर सरकवीत होते. त्या सोऱ्याची भोके मोठी असल्यामुळे कुरडया जाड आल्या, आणि त्या वर्षभर तळताना कडक लागल्या हेही नमूद केले पाहिजे. अकराच्या सुमारास आक्कांनी उरलेला गरम चीक दोन वाट्यांत घालून त्यावर तेल सोडले. तेव्हा कुठे मला बोलता आले. मी म्हणाले, “आक्का, सुनेसमोर मी तसे बोलायला नको होते.”

आक्का म्हणाल्या, “चीक गार होतोय, खा.”

संध्याकाळी पाळकसाहेब प्रकृतीची चौकशी करण्यासाठी आले. प्रभुभोजन चुकल्याबद्दल मी क्षमा मागितली आणि कारण सांगितले. त्यांनी अंगणातल्या बाजेकडे पाहून एवढेच विचारले, “वाळल्या का कुरडया?”

त्या दिवसापासून आमच्यात कधी खटका उडाला नाही, असे मी सांगितले, तर आक्का हे भाषण ऐकत असतील आणि उद्या मला जाब विचारतील. महिन्याभरातच पाण्याच्या पाळीवरून आमचे चांगले वाजले. पण त्या भांडणात चकतीचा उल्लेख मी केला नाही आणि त्यांनीही केला नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने प्रीतीची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत प्रीती ‘अपकार स्मरत नाही’ असे एक लक्षण आहे. मूळ ग्रीक भाषेत तिथे जे क्रियापद आहे, ते हिशेबात मांडण्याचे, खात्यावर लिहिण्याचे आहे. ती झालेला अपकार खात्यावर मांडीत नाही. पौलाने विसरायला सांगितलेले नाही, हे मला फार दिलासा देणारे वाटते, कारण माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे.

प्रीती ही चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी शिकावी लागते, याचा आमच्या नगरशी जोडलेला मोठा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या काळात त्या पतीकडे राहायला आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसांचा आहे, हे त्यांच्या मनाला पटले, तेव्हा त्यांच्यातला बदल आधी दिसला तो खाण्यापिण्यात: ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातचे पाणी त्यांनी घेतले. टिळकांच्या कविता आपल्याला शाळेत पाठ करायला लावतात, आणि त्या सुंदरच आहेत. परंतु तो पाण्याचा पेला मुलांना कुणी सांगत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आईच्या सोऱ्याला कुरडईची चकती अजूनही नाही. आक्कांनी आणलेली चकती मी घासून त्याच चिंधीत ठेवली आहे. ती कशातच बसत नाही. यंदाचे गहू परवापासून भिजत पडले आहेत, उद्या पहाटे चीक शिजवायचा आहे, आणि आक्कांच्या सुनेने मला पाच वाजता हाक मारण्याचे कबूल केले आहे. तेव्हा आता आपली रजा घेते. नमस्कार.