अनंत कान्हेरे: नाशिकचा की नाशिकच्या सोयीचा?

(जॅक्सन वधाच्या स्मृतिदिनानिमित्त नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, आणि या थंडीत मफलर गुंडाळून आलेले मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'कान्हेरे: क्रांतिकारक की मारेकरी?' असा छापलाय. कान्हेरे, म्हणजे 1909 मध्ये नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालणारा मुलगा. शीर्षक आयोजकांचं, प्रश्नचिन्हही त्यांचंच. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. आधी दिलं तर मागच्या रांगा चहाला उठतात, हा अनुभव आहे. तोवर माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या.

जॅक्सन वधाचा 21 डिसेंबर किंवा कान्हेरेच्या फाशीचा 19 एप्रिल आला की गावात कुठलं ना कुठलं मंडळ कार्यक्रम घेतं. त्यांच्या पत्रिका मी जपून ठेवतो. वर सावरकरांचा भलामोठा फोटो. खाली प्रमुख पाहुणे, त्यांच्या खाली सौजन्य म्हणून एखादे सराफ. आणि उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, ज्याच्या नावाने कार्यक्रम तो मुलगा. एका पत्रिकेत तर स्टेपलरची पिन नेमकी त्याच्या कपाळातून गेली होती. त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हेही त्याच्याच दिवशी, त्याच तुरुंगात फासावर गेले. त्यांची सोय 'व इतर'मध्ये. मी एका कार्यकर्त्याला विचारलं, बाबा रे, असं का? तो प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, सावरकरांचा फोटो असला की हॉल भरतो." आज हॉल भरलाय. पत्रिका पाहिली मी. (हशा)

टाळ्या वाजवू नका, कारण दुसरी बाजूही तेच करते. सावरकरांवर टीका करायची असली की तेही कान्हेरेलाच पुढे करतात: बघा, साहेब लंडनमध्ये आणि फासावर इथली पोरं. दोन्ही गोटांना कान्हेरे हवाय तो सावरकरांबद्दल काहीतरी सिद्ध करायला. त्याचं स्वतःचं काय?

तो मुळात नाशिकचा नव्हे. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, शिक्षण निजामाच्या मुलखात, औरंगाबादला मामाकडे. तिथे गंगाराम मारवाड्याच्या घरी राहत असताना गुप्त मंडळींशी ओळख झाली, येवल्याच्या टोणप्यांमार्फत नाशिकचा धागा जुळला. सावरकर 1906 च्या जूनमध्ये विलायतेला गेले तेव्हा हा जेमतेम चौदा-पंधराचा. अभिनव भारत, म्हणजे सावरकरांची गुप्त क्रांतिकारी संघटना, म्हटलं की आपल्याला नाशिकची तिळभांडेश्वराची गल्ली आठवते, पण हा त्या गल्लीत वाढलेला नाही. त्याला तयार केलं ते कर्व्यांच्या गटाने. कर्वे तेव्हा मुंबईत कायदा शिकत होते, देशपांडे पंचवटीत शिक्षक.

आणि आपण त्याची आठवण कशी ठेवली? मैदानाला नाव दिलं. रणजी सामने होतात तिथे. जाऊन एकदा रिक्षावाल्याला सांगा, 'अनंत कान्हेरे मैदान'. मला त्याने कान्हेरेवाडीत नेऊन उतरवलं. मी वाद घातला तर म्हणतो, "काका, गोल्फ क्लब असं सरळ सांगायचं ना!" ज्या साहेबांना घालवायला पोरं फासावर गेली, त्यांचा गोल्फ अजून चालू आहे. असो, नाहीतर मी यातच अडकेन.

आता ती रात्र. 21 डिसेंबर 1909. जॅक्सनची बदली झाली होती, बढतीवर मुंबईला. मंडळींचा बेत खरं तर पुढचा होता, बदलीमुळे घाई झाली. विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचं 'शारदा' लागलं होतं, आणि तेच जॅक्सनच्या निरोपाचं निमित्त. तुम्ही-आम्ही पुढे त्याच विजयानंदला सिनेमे पाहिलेत, खुर्च्यांतल्या ढेकणांसकट. पण त्या रात्री तिथे गावातली प्रतिष्ठित मंडळी जमलेली, कलेक्टरसाहेबांच्या स्वागताला पुढे सरसावलेली. नाटक कुठलं, तर म्हाताऱ्या वराला पोर विकायला निघालेल्या बापाचं. साहेब आत आले, आणि वाटेवर बसलेल्या कान्हेरेने उठून ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. स्वतःवर झाडायची राहिली. त्याला धरलं कुणी? एखाद्या गोऱ्या सोजिराने? नाही. डेप्युटी कलेक्टर पळशीकर आणि निवृत्त पोलीस अधिकारी तोरडमल. आपलीच माणसं. हे भाषणात सांगितलं की पहिल्या रांगेत नेहमी थोडी चुळबुळ होते, आजही झाली.

पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. इंडिया हाउस या लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरकप्प्यातून आणली. तोच पुढे माफीचा साक्षीदार झाला, आणि या खुनाला साहाय्य केल्याबद्दल सावरकरांना जानेवारी 1911 मध्ये दुसरी जन्मठेप झाली. म्हणजे संबंध आहेच, मी नाकारत नाहीये. फक्त…

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' अध्यक्षांच्या घड्याळावर माझा विश्वास नाही, पण माइक त्यांच्या ताब्यात आहे. तेव्हा मूळ विषय झरझर.

जॅक्सन कोण होता? संस्कृतचा जाणकार, 'पंडित जॅक्सन' म्हणून ओळखला जाणारा, मुंबई इलाख्याच्या इतिहासावर आणि लोकरूढींवर काम केलेला. म्हणून एक वर्ग म्हणतो, चुकीचा माणूस मारला. दुसरा म्हणतो, गोडबोल्या साहेब जास्त घातक. मला दोन्ही अपुरं वाटतं. क्रम बघा. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांनी इंग्रजांविरुद्धच्या कविता छापल्या. खटला उभा राहिला तो जॅक्सनच्या हातून, त्यानेच तो सेशन्सकडे पाठवला. जून 1909 मध्ये सेशन्स कोर्टाने काळ्या पाण्याची शिक्षा दिली. कवितांसाठी जन्मठेप! नोव्हेंबरात हायकोर्टाने अपील फेटाळलं. पुढच्या महिन्यात गोळ्या. शिक्षा देणारा तो नव्हता. पण सेशन्स जज्ज आणि हायकोर्ट कुणाला दिसत नव्हते, कलेक्टर रोज दिसत होता. राज्य त्याच्या रूपाने समोर होतं, म्हणून तो निवडला गेला, आणि त्याची विद्वत्ता त्या हिशेबात धरलीच गेली नाही. कृत्य राजकीय होतं ते म्हणूनच. आणि मरणारा, सामान बांधून निघालेला एक माणूस होता, हेही तितकंच खरं. दोन्ही एका दमात म्हणता आलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

मग उपयोग काय झाला? फेब्रुवारी 1910 मध्ये नवा प्रेस कायदा आला. जॅक्सन हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण निमित्तांपैकी एक होतंच. नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस आरोपी, गट मोडला. टिळक मंडालेला. म्हणजे त्या घडीला तरी हिशेब तोट्याचा. यावर तुम्ही म्हणाल, क्रांतीचा हिशेब पाच वर्षांत करत नाहीत. म्हणा. पण मग तोटाही सांगा, फक्त पुतळे नकोत.

निकाल 29 मार्च 1910. सात आरोपी: तिघांना फाशी, तिघांना जन्मठेप, एकाला दोन वर्षं. 19 एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात शिक्षा झाली. कान्हेरे अठरा वर्षांचा. प्रेतंसुद्धा घरच्यांना दिली नाहीत. कर्वे आणि देशपांडे यांनी त्या रात्री एकही गोळी झाडली नव्हती. त्यांच्यावर बोलायला मला आणखी एक तास… नाही, नाही, बसतो.

एक शेवटची चिठ्ठी वाचतो, श्रोत्यांतून आलीय: 'मग काय जॅक्सनचीही पुण्यतिथी करायची का?' नको. पुण्यतिथ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण त्याने जमवलेली लोकरूढींची टिपणं त्याच्या मागे एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित करून छापली, कोकणचा भाग 1915 चा. तो मिळवून वाचा. त्यात प्रश्नांना उत्तरं दिलीत ती गावोगावच्या शाळामास्तरांनी, रत्नागिरी जिल्ह्यातल्यासुद्धा. कान्हेरेचा जिल्हा तो. प्रश्नोत्तरं आता बाहेर चहाच्या टेबलाशी करू, हॉलवाले पंखे बंद करायला लागलेत.