निकाल कोर्टाचा, बंदोबस्त कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर १९९२ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला हमी दिली होती की अयोध्येत ६ डिसेंबरला होणारी कारसेवा प्रतीकात्मक असेल, कुठलंही बांधकाम होणार नाही. बाबरी मशिदीच्या संरक्षणाची जबाबदारी तर राज्य सरकारनं आधीच स्वीकारलेली होती. न्यायालयानं या शब्दावर विश्वास ठेवला आणि देखरेखीसाठी एका जिल्हा न्यायाधीशांना निरीक्षक म्हणून पाठवलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ६ तारखेच्या संध्याकाळी मशीद उरली नव्हती आणि मुख्यमंत्री कल्याणसिंह यांनी राजीनामा दिला होता.

त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. अवमानाबद्दल कल्याणसिंहांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड झाला, एवढं पुष्कळांना आठवतं, आणि ती शिक्षा मशीद पडल्याबद्दल होती असंच बहुतेक जण धरून चालतात. तसं नव्हतं. २४ ऑक्टोबर १९९४ ला सुनावलेली ती शिक्षा जुलै १९९२ मध्ये, बांधकामाला मनाई असताना, त्या परिसरात उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या चौथऱ्याबद्दल होती. डिसेंबरबद्दलचं अवमानाचं प्रकरण वेगळं होतं आणि ते पडून राहिलं. मूळ अर्जदार वारले. २०२१ मध्ये कल्याणसिंहही गेले. ३० ऑगस्ट २०२२ ला, आता यात काही शिल्लक नाही असं म्हणत न्यायालयानं ते बंद करून टाकलं. भर न्यायालयात दिलेला शब्द मोडला, त्याबद्दल जबाबदार कोण, या प्रश्नाचा निवाडा तीस वर्षांत झालाच नाही.

न्यायालयीन स्वातंत्र्यावर आपल्याकडे बोललं जातं तेव्हा डोळ्यांसमोर असतं ते सरकार. सरकार न्यायाधीशांवर दबाव आणतं, बदल्या करतं, नेमणुका अडवतं. हे खरंच आहे. १९७३ मध्ये संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी न्यायमूर्ती शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. आणीबाणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्यानं सरकारविरोधी निकाल दिला आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांचीही ज्येष्ठता डावलली गेली. अशा सरकारसाठी राज्यघटनेनं भिंती बांधून ठेवल्या आहेत. न्यायाधीशाला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. त्याचा पगार दरवर्षीच्या मतदानावर अवलंबून नसतो. पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव आल्याशिवाय संसदेत त्याच्या वर्तनाची चर्चासुद्धा करता येत नाही.

पण अनेक धर्मांच्या देशात न्यायाधीशाला आणखी एकापासून मोकळं राहावं लागतं, ते म्हणजे जमावापासून. आणि जमाव अडवायला यातलं एकही कलम उपयोगाचं नाही. कोर्टाकडे ना पोलीस, ना तिजोरी. राज्यघटनेच्या १४४ व्या कलमात एवढंच म्हटलंय की सर्व मुलकी आणि न्यायिक अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावं. म्हणजे ज्या सरकारपासून न्यायाधीशानं स्वतंत्र राहायचं, त्याच सरकारच्या बंदोबस्तावर त्याच्या आदेशाचा जीव टांगलेला. माझं आजचं म्हणणं या एकाच मुद्द्याभोवती आहे. सत्तेवर बसलेल्यांना जाब विचारण्याची सोय नसेल, तर धर्माच्या प्रश्नावर न्यायाधीश कितीही स्वतंत्र असून भागत नाही.

केरळमधला एक खटला बघा. यहोवाचे साक्षीदार नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. संख्येनं अगदी छोटा. या पंथातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी अदबीनं उभी राहत, पण गात नसत. कारण आपली प्रार्थना फक्त देवाची, अशी त्यांची श्रद्धा. वर्षानुवर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग जुलै १९८५ मध्ये एका आमदारांनी ते पाहिलं आणि विधानसभेत प्रश्न उपस्थित केला. चौकशी झाली. चौकशीचा अहवाल काय आला? मुलं कायद्यानं वागणारी आहेत, राष्ट्रगीताचा अनादर करत नाहीत. तरीही वरून सूचना आली आणि मुख्याध्यापिकेनं मुलांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालयात मुलं हरली. सर्वोच्च न्यायालयात ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठानं त्यांना परत घ्यायला सांगितलं. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, राज्यघटना ती आचरणात आणते, तिच्यात पाणी घालू नका, असं त्यांनी निकालाच्या शेवटी लिहिलं.

यात मला खटकतो तो चौकशी अहवाल. सत्य सरकारच्या हातात होतं. मुलं निर्दोष आहेत हे कागदावर आलेलं होतं. पण त्या पंथाची मतं किती असणार? त्यांच्या बाजूनं उभं राहून कुणाचं काय भलं होणार होतं? म्हणून जे काम शिक्षण खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्यानं एका पत्रात मिटवायला हवं होतं, ते दिल्लीच्या न्यायमूर्तींना करावं लागलं. निकाल चांगला लागला म्हणून आपण कोर्टाचं कौतुक करतो, आणि त्या कौतुकात वेळेवर तोंड न उघडणारे सगळे सुटतात.

आता जरा मलेशियात जाऊ. तिथं इस्लाम हा संघराज्याचा धर्म आहे आणि हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती लोकसंख्याही मोठी आहे. १९८८ मध्ये पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांच्या काळात देशाचे सर्वोच्च न्यायाधीश सालेह अब्बास यांना पदावरून हटवण्यात आलं, पाठोपाठ आणखी दोन न्यायाधीशांना. त्याच वर्षी घटनेच्या १२१ व्या कलमात दुरुस्ती होऊन शरीयत न्यायालयांच्या कक्षेतल्या बाबींत दिवाणी न्यायालयांना अधिकार राहिला नाही.

त्याची झळ पुढं एका हिंदू आईला बसली. २००९ मध्ये तिच्या नवऱ्यानं धर्मांतर केलं, तिला न सांगता तिन्ही मुलांचंही धर्मांतर करून घेतलं आणि अकरा महिन्यांच्या मुलीला घेऊन तो निघून गेला. शरीयत न्यायालयानं मुलांचा ताबा बापाला दिला, दिवाणी उच्च न्यायालयानं आईला. यावर देशाच्या पोलीसप्रमुखांनी जाहीर केलं की आदेश दोन आहेत आणि परस्परविरोधी आहेत, तेव्हा आम्ही कुठलाच अमलात आणणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये संघीय न्यायालयानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, निःसंदिग्ध निकाल दिला: मुलांच्या धर्मांतराला आई आणि वडील दोघांची संमती हवी, हे धर्मांतर रद्द. देशभर गाजलेला निकाल. आणि त्यानंतरही कित्येक वर्षं त्या आईला आपली मुलगी बघायला मिळाली नाही. कोर्ट तिच्या बाजूनं बोललं. शोध घ्यायचा होता पोलिसांनी, आणि पोलिसांना विचारायचं होतं मंत्र्यांनी.

पाकिस्तानातल्या आसिया बीबीचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. शेतात काम करताना पाण्यावरून भांडण झालं, ईशनिंदेचा आरोप आला, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकानं गोळ्या घातल्या. दोन महिन्यांत अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाझ भट्टी यांचा खून झाला. अशा हवेत ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी पुराव्यात तथ्य नाही म्हणून तिला सोडलं. याला धैर्य म्हणतात. निदर्शनांच्या व्यासपीठावरून त्या न्यायाधीशांना ठार मारण्याची भाषा झाली. त्या संध्याकाळी पंतप्रधान इम्रान खान यांनी भाषण करून निदर्शकांना दम दिला आणि ऐकणाऱ्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याच सरकारनं त्याच निदर्शकांशी लेखी समझोता केला: फेरविचार अर्जाला आम्ही हरकत घेणार नाही, तिला देश सोडू न देण्याची प्रक्रिया सुरू करू. पुढं सरकारनं निदर्शकांच्या नेत्यांना अटक केली, जानेवारी २०१९ मध्ये फेरविचार अर्ज फेटाळला गेला आणि ती देशाबाहेर जाऊ शकली, हेही सांगायला हवं. पण मधले ते दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. निर्दोष ठरलेली बाई कोठडीतच होती आणि सरकार रस्त्यावरच्या मंडळींशी वाटाघाटी करत होतं.

लेबननमध्ये आणखी वेगळंच. तिथं राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, अशी वाटणीच आहे. ४ ऑगस्ट २०२० ला बैरुत बंदरात स्फोट होऊन दोनशेवर माणसं मेली. तपासी न्यायाधीशांनी माजी मंत्र्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांना बाजूला करण्यात आलं. दुसरे, तारेक बितार, आले. त्यांच्या विरोधातल्या निदर्शनातून ऑक्टोबर २०२१ मध्ये बैरुतच्या रस्त्यांवर गोळीबार होऊन माणसं मेली. मंत्र्याला समन्स बजावलं की तो एकटा आरोपी राहत नाही, त्याचा सगळा समाज दुखावला जातो. ही युक्ती आपल्यालाही अनोळखी नाही. चौकशी लागलेल्या पुढाऱ्याचं पहिलं वाक्य काय असतं ते आठवा.

आपल्या राजकारण्यांची दुसरी सवय याहून सभ्य दिसते, म्हणून ती जास्त खपते. अवघड प्रश्न आला की “न्यायालय जे ठरवेल ते आम्हाला मान्य.” ऐकायला किती घटनात्मक! जानेवारी १९९३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाला विचारलं होतं की अयोध्येतल्या त्या जागी मशिदीच्या आधी हिंदू मंदिर किंवा धार्मिक वास्तू होती का. न्यायालयाकडून सल्ला मागण्याचं जे १४३ वं कलम आहे, त्याखाली. ऑक्टोबर १९९४ मध्ये पाचही न्यायमूर्तींनी हा प्रश्न उत्तर न देता आदरपूर्वक परत केला. बाकी मुद्द्यांवर त्यांच्यात तीन विरुद्ध दोन असे मतभेद होते, यावर नव्हते. न्यायालयाच्या स्वातंत्र्याची उदाहरणं देताना हे क्वचितच कुणी देतं. मला विचाराल तर ते पहिल्या पाचात यावं. तुमचं ओझं आमच्या खांद्यावर टाकू नका, हे सरकारला तोंडावर सांगायलाही स्वातंत्र्य लागतं.

२०१७ च्या तिहेरी तलाकच्या खटल्यात सरन्यायाधीश खेहर शीख, कुरियन जोसेफ ख्रिस्ती, नरिमन पारशी, लळित हिंदू आणि अब्दुल नझीर मुस्लिम असं पाच जणांचं पीठ बसलं. वर्तमानपत्रांना याचं फार अप्रूप वाटलं. मला ते तेव्हाही फारसं रुचलं नव्हतं. न्यायाधीश आपापल्या समाजाचा वकील म्हणून बसतो की काय? निकाल लागला तोही तीन विरुद्ध दोन. अल्पमतात होते शीख सरन्यायाधीश आणि मुस्लिम न्यायमूर्ती. कुणाच्या धर्मावरून कुणाचं मत सांगता आलं नसतं.

न्यायाधीशांनीही आपलं घर झाकून ठेवू नये. बहरुल इस्लाम हे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, तिथून उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात, आणि १९८३ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा राज्यसभेत. रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. दोन्ही वेळा सत्ताधारी वेगळे, आणि दोन्ही वेळा कायदा कुठंही मोडला गेला नाही. पण निकाल ज्याच्या विरोधात गेलाय अशा समाजाला तो पटवून द्यायचा असतो तेव्हा लोक कलम बघत नाहीत, माणूस बघतात. निवृत्तीनंतर काही वर्षं कुठलंच सरकारी पद नको, असा नियम व्हावा, ही मागणी जुनी आहे.

आणि जमावाचं काय? जुलै २०१८ मध्ये झुंडबळींबद्दलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं एक गोष्ट नेमकी केली. शांतता राखा असा मोघम उपदेश न करता त्यानं राज्यांना सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला एक समन्वय अधिकारी नेमा, आणि जो अधिकारी हलगर्जी करेल त्याच्यावर खात्यामार्फत कारवाई करा. जबाबदारी ‘राज्य सरकार’ या निनावी शब्दावर न ठेवता ती एका खुर्चीवर ठेवली. न्यायालयाला हमी देताना असंच व्हायला हवं: हमी कोण देतंय, अमलात कोण आणणार, मोडली तर किती महिन्यांत सुनावणी. आपल्या जिल्ह्यात तो समन्वय अधिकारी कोण, त्याची नेमणूक कधी झाली, त्यानं आजवर काय केलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे तीस दिवस असतात.