भरल्या पेटीतली राणी

नमस्कार श्रोतेहो. मधमाश्या पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी घाम फोडणारं एक काम आहे. भरल्या पेटीतून राणीमाशी शोधून काढायची. आज त्याविषयी बोलतो.

वसाहत दुबळी असली तर राणी चटकन सापडते. चार चौकटींवर, म्हणजे पोळं बांधायला पेटीत उभ्या लावलेल्या लाकडी चौकटींवर, पसरलेल्या मूठभर माश्यांत ती लपणार तरी कुठे? पंचाईत होते ती वसाहत जोमात असताना. युरोपीय मधमाशीच्या भरभराटीला आलेल्या पेटीत 50-60 हजार कामकरी माश्या असतात, शिवाय शेकडो नर. राणी मात्र एकच. त्यातून ती उजेडाला बुजणारी. झाकण उघडलं की अंधाराकडे सरकू लागते.

म्हणून आधी स्वतःलाच विचारा, की राणी डोळ्यांनी दिसायलाच हवी आहे का? बहुतेक वेळा नको असते. ती आहे आणि काम करते आहे एवढंच जाणून घ्यायचं असतं, आणि ते अंडी सांगतात. पिल्लांची चौकट उचला, सूर्य पाठीशी घ्या, उजेड पोळ्यातल्या घरांच्या, म्हणजे षट्कोनी कप्प्यांच्या, तळाशी पडेल अशी ती तिरकी धरा. घराच्या तळाला चिकटलेलं जेमतेम दीड मिलिमीटरचं पांढरं अंडं दिसेल. ते तिसऱ्या दिवसाअखेर फुटून अळी बाहेर येते. पहिल्या दिवशी ते ताठ उभं असतं, मग कलत जातं आणि शेवटी आडवं होतं. म्हणजे ताठ अंडी दिसली, तर राणी काल-आजच इथे फिरून गेली आहे. एका घरात एकच अंडं, तेही तळाच्या मधोमध, हे चांगलं लक्षण. तीन-चार अंडी घराच्या भिंतींना चिकटलेली असतील, तर मात्र राणी नाहीशी होऊन कामकरी माश्याच अंडी घालू लागल्याची शंका घ्यावी. अंडी नीट असतील तर पेटी बंद करा. हौसेपायी राणीदर्शनाला बसणारे पेटीचं नुकसानच करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण काही कामांना राणी हातात यावीच लागते. म्हातारी राणी बदलायची असते, वसाहतीचे दोन भाग करायचे असतात किंवा राणीवर खूण करायची असते. तेव्हा उबदार, वारा नसलेली दुपार निवडा. चारा गोळा करणाऱ्या माश्या बाहेर असतात, तेवढी गर्दी कमी. धूर अगदी थोडा द्या. धुराचे लोट सोडले की सगळ्या माश्या पळापळ करतात आणि राणीही पोळं सोडून पेटीच्या भिंतीवर, कोपऱ्यात कुठेही जाऊन बसते. आतलं झाकण आणि राणी-रोधक जाळी (कामकरी माश्या आरपार जातात, पण राणी अडते अशी जाळी) उचलल्यावर त्यांची खालची बाजू आधी बघा. राणी तिथेच असताना झाकण बाजूला ठेवून तासभर पेटी धुंडाळणारे कमी नाहीत.

कडेची, मधाने भरलेली चौकट आधी काढून बाजूला ठेवा, म्हणजे जागा होते. मग एकेक चौकट उचला. इथे एक सवय फार कामी येते. हातातली चौकट बघण्याआधी पेटीत उरलेल्या पुढच्या चौकटीच्या तोंडाकडे नजर टाका. अचानक उजेड तिथे पडलेला असतो आणि राणी असेल तर ती त्याच क्षणी कडेकडे निघालेली दिसते. त्यानंतर हातातली चौकट पेटीवरच धरून बघा, म्हणजे राणी पडलीच तर आत पडेल. नजर आधी कडांवरून फिरवा, मग मध्याकडे या. मध आणि परागाच्या चौकटींवर वेळ घालवू नका. ताजी अंडी आणि नुकतीच रिकामी झालेली घरं जिथे आहेत, तिथे रेंगाळा.

आणि माश्या एकेक करून तपासू नका. अनोळखी गर्दीतून आपलं माणूस आपण चेहऱ्याआधी चालीवरून ओळखतो, तसंच हे आहे. कामकरी माशी घाईत, वेडीवाकडी फिरते. राणी लांब पायांवर संथपणे, सरळ चालते आणि भोवतालच्या माश्या तिला वाट देतात. तिचं पोट लांब, निमुळतं. पंख त्यामुळे आखूड वाटतात. पाठ तुळतुळीत. नर आकाराने मोठा असल्यामुळे फसवतो, पण त्याचं पोट बोथट असतं आणि डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले. राणीकडे तोंड करून उभं राहिलेलं दासींचं कडं चित्रांत नेहमी असतं. ती निवांत थांबली असेल तरच ते दिसतं. पळणाऱ्या राणीभोवती त्याची वाट बघू नका. गर्भधारणा न झालेली कुमारी राणी तर आणखी अवघड. अंगाने लहान आणि चालीने चपळ.

दोनदा सगळ्या चौकटी बघून राणी मिळाली नाही, तर थांबा. पिल्लं गारठतात, मधाच्या वासाने दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या लुटीला येतात. त्यापेक्षा वसाहत दोन कोठ्यांत, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन खोक्यांत, असेल तर दोहोंच्या मध्ये राणी-रोधक जाळी घाला आणि चार दिवस विसरून जा. चार दिवसांनी ज्या कोठीत अंडी असतील, तिथे राणी. दुसरीकडची अंडी तोवर फुटून गेलेली असतात. शोध निम्म्यावर येतो, तोही एकाही माशीला न छेडता. माझ्या मते सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत शहाणी. सगळ्या माश्या झटकून जाळीतून गाळायचीही एक पद्धत आहे, पण ती अगदी नाइलाज झाल्यावर.

चिकाटीची कमाल बघायची, तर स्विस निसर्गअभ्यासक फ्रान्स्वा ह्यूबर यांच्याकडे बघावं. ते अंध होते. अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या शोधण्यासाठी त्यांचे सहायक ब्यूर्नेन्स यांनी दोन पेट्यांतली माशी न् माशी हातात धरून तपासली, 11 दिवस! आपल्याला तेवढं करायला नको. 1851 मध्ये अमेरिकन मधमाशीपालक लँगस्ट्रॉथ यांनी माश्यांच्या ये-जा करण्याच्या फटीचं माप ओळखून सुट्या चौकटींची पेटी घडवली, म्हणून तर आज पोळं न मोडता आपण राणी शोधू शकतो.

राणी बदलणार असाल तर एक मिळाल्यावरही उरलेल्या चौकटी बघून घ्या. कधीकधी म्हातारी आई आणि तिची जागा घ्यायला आलेली लेक काही काळ एकाच पेटीत नांदतात. लेक नजरेतून सुटली, तर विकत आणलेली नवी राणी माश्या मारून टाकतात.

आणि सापडलेली राणी ठेवायची असेल, तर खूण केल्याशिवाय सोडू नका. पाठीवर रंगाचा एक छोटा ठिपका पुरे. रंगांचा क्रम जगभर ठरलेला आहे. राणी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षाचा शेवटचा आकडा 1 किंवा 6 असेल तर पांढरा, 2 किंवा 7 ला पिवळा, 3 किंवा 8 ला लाल, 4 किंवा 9 ला हिरवा, 5 किंवा 0 ला निळा. त्यावरून राणीचं वयही कळतं. ठिपका डोक्यावर किंवा पंखांच्या मुळाशी ओघळू देऊ नका, आणि रंग पुरता वाळेपर्यंत तिला पिंजऱ्यातच ठेवा. नमस्कार.