दुखतो गुडघा, एक्स-रे काढा खुब्याचा

श्रोतेहो, नमस्कार.

१२-१३ वर्षांचा मुलगा, अंगाने जरा भारी. कित्येक दिवस गुडघा दुखतोय म्हणतो, किंचित लंगडतो, तो पाय बाहेर टाकून चालतो. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आलाय, म्हणून मलम चोळणं सुरू आहे. असं मूल तुमच्या घरात असेल तर कळकळीनं सांगतो, त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये वाढत्या वयात एक कूर्चेची चकती असते, ग्रोथ प्लेट. साधारण १० ते १६ या वयात, उंची भराभर वाढत असताना, कधीकधी या चकतीला ताण पेलत नाही आणि गोळा मानेवरून मागे, खाली घसरतो. डॉक्टरांच्या बोलण्यात याला एससीएफई म्हणतात. वजन जास्त असलेल्या मुलांत हा आजार अधिक दिसतो. थायरॉईड कमी पडत असलं तरी होऊ शकतो. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या नसा काही अंशी एकच असतात. म्हणून बिघाड वर आणि कळ खाली.

एक्स-रे दोन हवेत, दोन्ही खुबे दिसतील असे. एक समोरून, दुसरा गुडघे बाजूला पाडून, त्याला फ्रॉग-लेग म्हणतात. हा दुसरा टाळू नका, कारण गोळा मागे घसरतो आणि सुरुवातीला समोरून सगळं ठीक भासतं. समोरच्या फिल्मवर आम्ही मानेच्या वरच्या कडेला पट्टी लावून रेघ ओढतो. ती गोळ्याचा थोडा भाग कापत गेली पाहिजे. गोळ्याला न शिवता वरून निघून गेली, तर गोळा सरकलाय. मुलाला पाय टेकवतच नसेल, तर मात्र पाय वाकवायचा नाही. आहे तसा ठेवून बाजूने फोटो घ्यायचा.

किरणांची धास्ती घेऊ नका. निसर्गातून वर्षभरात आपल्याला आपसूक मिळतात, त्याहून या फोटोंची मात्रा कमी असते.

निदान झालं की मुलानं त्या पायावर एक पाऊलही टाकायचं नाही. व्हीलचेअर मागवा आणि त्याच दिवशी दाखल करा. एक स्क्रू घालून गोळा आहे तिथे स्थिर करता येतो. आणखी घसरला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. पुढे दुसरा खुबाही घसरू शकतो, तेव्हा वाढ पुरी होईपर्यंत दोन्ही बाजूंचे एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा काढत राहा.